साताऱ्याचा माणूस, बीडचा खासदार

दसरा झाला की आमच्या मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोडीच्या गाड्या सुरू होतात. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरलेला असतो. चुलीचं सरपण, पाण्याचा ड्रम, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरं. आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायका याच गाड्यांत असतात, त्यामुळे गटाची पूर्ण बैठक भरायला थेट उन्हाळा उजाडावा लागतो. कुठं चाललीस गं, असं विचारलं की कुणी वाळवा सांगते, कुणी कराड, कुणी कुंडल. बीडची माणसं तिकडं जातात, हे आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं आहे. पण तिकडचा एक माणूस उलट्या वाटेनं आपल्याकडं आला होता आणि बीडनं त्याला खासदार करून दिल्लीला पाठवलं होतं, हे आमच्या गटात एकीलाही ठाऊक नव्हतं. गटाचं जाऊ द्या, मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, तरी पुस्तकात ही गोष्ट कुठं भेटली नाही.

मला ती भेटली आमच्या आजेसासूबाईंकडून. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या थकल्या होत्या, पण आठवण पक्की. मतदानाचा विषय निघाला की त्या कणीस आणि विळ्याची खूण सांगायच्या. साताऱ्याकडचा एक धिप्पाड म्हातारा मतं मागायला आला होता आणि आपल्यासारखंच बोलत होता, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. नाव त्यांना नीट घेता येत नसे. करांतीशिंग म्हणायच्या. पुढं कधीतरी जिल्ह्याच्या खासदारांची यादी वाचताना माझी नजर १९६७ या सालावर अडकली. नाना रामचंद्र पाटील, भारतीय कम्युनिस्ट पक्ष. म्हणजे आपले क्रांतिसिंह नाना पाटील! पत्री सरकारवाले!

मैत्रिणींनो, नाना पाटलांचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं, पण धडा संपतो १९४७ साली. देश स्वतंत्र झाला, क्रांतिकारक सुखी झाले, प्रश्न-उत्तरे लिहा. खरं तर त्यानंतर हा माणूस एकोणतीस वर्षं जगला आणि ती जवळजवळ सगळी वर्षं विरोधात काढली. ज्या पक्षांना सत्ता मिळण्याची शक्यता नव्हती अशा पक्षांत. मला त्यांच्या आयुष्याचा तोच भाग जास्त मोलाचा वाटतो. तरी सुरुवात पहिल्यापासून करायला हवी, नाहीतर बीडच्या माणसांनी त्यांच्यावर इतका जीव का टाकला ते कळायचं नाही.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. घर शेतकऱ्याचं, आईचं नाव गोजराबाई. अंगानं उंचापुरा, तालमीत घुमलेला पोरगा. शिक्षण फार नाही, पण त्या काळात तलाठ्याची नोकरी मिळण्यापुरतं झालं. आता तलाठी म्हणजे काय, ते खेड्यातल्या बाईला सांगायला नको. सातबारा त्याच्याकडं, पिकाची नोंद त्याच्याकडं. अशी नोकरी माणूस सोडतो का? नानांनी सोडली. १९३० मध्ये गांधीजींची सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा राजीनामा देऊन ते बाहेर पडले. त्याआधीच त्यांच्यावर सत्यशोधक विचारांचा पगडा बसलेला होता. त्यामुळे त्यांचं स्वातंत्र्य नुसतं इंग्रज जाण्याचं नव्हतं. सावकार, लग्नातला खर्च, जातीची उतरंड, दारू हे सगळं त्यांच्या भाषणात यायचं. पुढची बारा वर्षं तुरुंगात जायचं, सुटायचं, गावोगाव सभा घ्यायच्या आणि पुन्हा आत जायचं, असा क्रम चालला.

घराचं काय झालं असेल? हा प्रश्न चरित्रं लिहिणारे पुरुष फारसा विचारत नाहीत. नानांना एकच मुलगी, हौसाबाई. ती तीन वर्षांची असताना आई गेली. बाप देशासाठी बाहेर, आई नाही, पोरीला वाढवलं आजीनं, म्हणजे गोजराबाईंनी. नाना भूमिगत झाल्यावर सरकारनं घरावर आणि जमिनीवर जप्ती आणली. कमावता मुलगा फरार, जमीन सरकारजमा, नात पदरात. गोजराबाईंचा पुतळा मी कुठं पाहिलेला नाही. मुलगा भूमिगत असतानाच त्या गेल्या. पकडून देणाऱ्याला बक्षीस लागलेलं असताना नानांनी जिवावर उदार होऊन आईचे अंत्यसंस्कार केले.

१९४२ च्या ऑगस्टनंतर नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. साडेतीन वर्षांहून जास्त काळ इंग्रज पोलिसांना हा एवढा उंच, चारचौघांत उठून दिसणारा माणूस सापडला नाही. कारण सातारा जिल्ह्यातली घरं त्यांना लपवत होती. घर लपवतं म्हणजे घरातली बाई लपवते, भाकऱ्या ती थापते आणि पोलीस आले की दारात तीच उभी राहते. याच काळात प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ पासून शेकडो गावांत इंग्रजांचं राज्य नुसतं नावाला उरलं. न्यायदान मंडळं होती, तिथं जमिनीचे, कर्जाचे, नवरा-बायकोचे तंटे सुटायचे. दारूबंदी होती. हुंडा-मानपान न घेता थोडक्या खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लावली जायची. तुफान सेना नावाचं दल होतं, कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांच्यासारखी तरणी पोरं त्यात होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, कितीतरी नावं आहेत.

आणि बायकाही होत्या बरं का. कासेगावच्या इंदुताई पाटणकर होत्या. खुद्द नानांची हौसाताई होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिनं आणि एका कार्यकर्त्यानं नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं. मारहाण, आरडाओरडा सगळं खरं वाटावं असं. पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. बाईला नवऱ्यानं मारणं ही इतकी रोजची गोष्ट की पोलिसांना संशयसुद्धा आला नाही, हे मला त्या नाटकाहून जास्त बोचतं. पुढं गोव्यात पोर्तुगिजांच्या तुरुंगातून एका साथीदाराला सोडवायच्या कामातही ती होती. परतताना रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीच्या आधारानं तिनं मांडवी नदी पार केली.

पत्री सरकार हे नाव का पडलं ते सगळ्यांना माहीत असतं. गुंडांच्या, खबऱ्यांच्या, सावकारांच्या पायाला म्हणे पत्रे ठोकायचे. प्रत्यक्षात तळपायावर काठीचे मार द्यायचे, ते मार खाल्लेला माणूस पुढं बरेच दिवस नीट चालू शकत नसे. बायकोला टाकणाऱ्याला, बाईची अब्रू घेणाऱ्यालाही शिक्षा व्हायच्या. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा बायका खूश झाल्या. मला मात्र अशा शिक्षेची भीतीच वाटते. आज गुंडाला मारणारी काठी उद्या कुणावर पडेल याचा नेम नसतो. पण तो काळ कोर्टात गरिबाचा निभाव लागण्याचा नव्हता, हेही खरं.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि नाना कराडला लोकांसमोर प्रकट झाले. त्यांना बघायला माणसांचा समुद्र लोटला. आता जरा विचार करा. वय शेहेचाळीस, जिल्ह्याचा लाडका पुढारी, वर्षभरात स्वातंत्र्य येणार. त्याच सातारा जिल्ह्यातले यशवंतराव चव्हाण पुढं मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले. नानांच्या बरोबर भूमिगत राहिलेले किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले आणि १९६२ मध्ये साताऱ्याचे खासदार झाले. सत्तेचा रस्ता नानांच्याही दारावरून जात होता. ते त्यावर चढले नाहीत.

शेतकऱ्या-कामगारांच्या हाती काही येणार नाही असं काँग्रेसमधल्या बऱ्याच बहुजन कार्यकर्त्यांना वाटायला लागलं होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामकरी पक्ष काढला, नाना त्यात गेले. मग तिथंही वाद झाले, फूट पडली, कामगार किसान पक्ष नावाचा वेगळा पक्ष निघाला, नाना त्यात. तिथून कम्युनिस्ट पक्षात. १९५५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन झालं आणि तिचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. जेधे, मोरे मात्र पुढं काँग्रेसमध्ये परत गेले. नाना परतले नाहीत. पक्ष बदलणारे पुढारी आपण रोज बघतो, त्यामुळे नानांनी इतके पक्ष बदलले म्हटल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया नाक मुरडायचीच होते. पण दिशा बघा की. आजकाल माणूस पक्ष बदलतो तो सत्तेकडं तोंड करून. हे गृहस्थ दर वेळी सत्तेपासून आणखी एक पाऊल लांब गेले.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली. काँग्रेस एका बाजूला, बाकीचे सगळे समितीत एका बाजूला. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, रिपब्लिकन विचाराची मंडळी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी, एका मंडपाखाली आली. नाना साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या सभेला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. भाषण म्हणजे गावच्या पारावरच्या गप्पाच. शेतातल्या म्हणी, नकला, हशा आणि मध्येच काळजाला हात घालणारी एखादी गोष्ट. लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जातं. दिल्लीत बोलायला इंग्रजी लागतं असं म्हणत घरी बसणाऱ्या आपल्या कितीतरी हुशार बायकांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि समितीचं काम संपल्यासारखं झालं. एकत्र आलेले पक्ष पांगले, १९६२ मध्ये बहुतेक ठिकाणी काँग्रेसच परत आली. छोट्या पक्षांचं हे नेहमीचं दुखणं. एखाद्या प्रश्नासाठी एकत्र येतात, प्रश्न सुटला की वेगळे होतात, आणि मतं फुटली की मोठ्याचं फावतं. त्यात १९६४ साली कम्युनिस्ट पक्षाचेच दोन तुकडे झाले. नाना जुन्या, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षात राहिले.

आता बीड. सातारा कुठं, बीड कुठं? दोन वेगळी राज्यंच होती की ती. तिकडं इंग्रज, इकडं निजाम. आपल्याकडं स्वातंत्र्य उजाडलं १७ सप्टेंबर १९४८ ला, एक वर्ष उशिरा. त्या लढ्यात रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांना प्रतिसरकारमधल्या नागनाथअण्णांसारख्या काही कार्यकर्त्यांनी हत्यारांची मदत केली होती, त्यामुळे पत्री सरकार हे नाव मराठवाड्याला परकं नव्हतं. शिवाय बीडची एक खोड पहिल्यापासूनची. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत, देशभर काँग्रेसचा जयघोष चालू असताना, बीडनं रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत पाठवलं. ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे, म्हणजे हैदराबाद संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळे डाव्यांनी ज्या नावानं निवडणूक लढवली त्या आघाडीचे. १९५७ आणि १९६२ मध्ये काँग्रेस आली आणि १९६७ मध्ये पुन्हा लाल बावटा.

तेव्हा नाना सहासष्ट वर्षांचे होते. त्या वेळी महाराष्ट्रात लोकसभेच्या पंचेचाळीस जागा होत्या, त्यातल्या सदतीस काँग्रेसनं जिंकल्या. विधानसभेत तर २७० पैकी २०३. उरलेल्या आठ खासदारांत मुंबईचे कॉम्रेड डांगे, जॉर्ज फर्नांडिस, पुण्याचे एस. एम. जोशी, राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै अशी माणसं होती. मुंबई-पुण्यानं विरोधक निवडून दिले याचं नवल नाही, तिथं कामगार होते, वर्तमानपत्रं होती, कॉलेजं होती. पण बीड? ना रेल्वे, ना कारखानदारी, डोंगराळ बालाघाटाचा दुष्काळी मुलूख. या मुलखानं परक्या जिल्ह्याचा, पैसा नसलेला, छोट्या पक्षाचा म्हातारा निवडला. ना जात-भावकीचा आधार, ना सग्यासोयऱ्यांचं जाळं. कणीस आणि विळा ही दोन्ही हत्यारं-धान्यं बाईच्या रोजच्या हातातली, म्हणून खूण लक्षात राहिली असं आजेसासूबाई सांगायच्या. मला वाटतं, हा माणूस आपल्या बाजूनं भांडेल एवढा एकच विश्वास त्यामागं असावा.

आता भांडून त्यांनी बीडला काय दिलं, हा प्रश्न माझ्या घरातच मला विचारला गेला. कुठला रस्ता, कुठलं धरण? नानांच्या नावाचा फलक लावावा असं काही मला दाखवता येत नाही. विरोधी खासदाराच्या हातात खजिन्याची किल्ली नसते. त्यात त्या लोकसभेची मुदतही पुरी झाली नाही, १९७० च्या डिसेंबरात ती विसर्जित झाली. म्हणजे पावणेचार वर्षं. पण विरोधकाला किती कामं केलीस असं विचारणं म्हणजे घरातल्या बाईला दिवसभर काय केलंस विचारण्यासारखं आहे. ती नसली की मग कळतं.

नसली की काय होतं, याचं उदाहरण मला लांबच्या एका बेटावर सापडलं. क्रिकेट बघणाऱ्या मुलांना बार्बाडोस माहीत असतं, गॅरी सोबर्सचा देश, वेस्ट इंडिजमधला. सगळ्या देशाची लोकसंख्या तीन लाखांच्या आत. आपला बीड जिल्हा २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाखांच्या वर होता, तेव्हा अंदाज करा. पण लोकशाही आहे, रीतसर निवडणुका होतात. २०१८ मध्ये मिया मॉटली या बाईंच्या पक्षानं तिथल्या तीसच्या तीस जागा जिंकल्या आणि त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. बाई म्हणून मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण सभागृहात विरोधी बाकावर बसायला माणूसच नाही! शेवटी सत्ताधाऱ्यांतलेच एक आमदार, पेशानं धर्मगुरू, पक्ष सोडून पलीकडं जाऊन बसले तेव्हा विरोधी पक्षनेता मिळाला. त्यांनी पुढं स्वतःचा तिसरा पक्ष काढला. २०२२ मध्ये निवडणूक झाली, पुन्हा तीसपैकी तीस, आणि हा तिसरा पक्षही कोरडाच राहिला. शेजारच्या त्रिनिदादमध्ये १९८१ साली एका नव्या पक्षाला शंभरातली बावीस मतं पडली होती आणि जागा एकही नाही. ज्याला जास्त मतं त्याची जागा, या पद्धतीत तिसऱ्याचं असंच होतं. आपली पद्धतही तीच. म्हणून तर बीडनं १९५२ आणि १९६७ ला जे केलं त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आणि इतकं लांब जायचं कारण काय, आपल्या ग्रामपंचायती आहेतच. निवडणूक बिनविरोध झाली की पेपरात कौतुकाची बातमी येते, गावाची एकी म्हणून सत्कार होतात. खर्च वाचतो, भांडणं टळतात, मान्य. पण अशा एका बिनविरोध गावात मी बायकांच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न घेऊन गेले होते, तेव्हाचा अनुभव सांगते. मंजूर झालेलं काम कागदावर पूर्ण, जागेवर फक्त चौथरा. सदस्य बायकांना विचारलं तर त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळे आपलेच, मग विचारायचं कुणी आणि कुणाला? सरपंचबाई भल्या होत्या. पण ग्रामसभेत उठून हिशेब मागणारं एक माणूस असतं तर त्यांनाही ठेकेदाराला जाब विचारायला आधार झाला असता. असो.

नानांच्या त्या लोकसभेचीही एक गंमत आहे. एवढे मोठे विरोधक सभागृहात असूनही मान्यता मिळालेला विरोधी पक्षनेता असा कुणी नव्हताच. १९५२ पासून नव्हता. कुठल्याच विरोधी पक्षाकडं तेवढी संख्या नसायची. १९६९ मध्ये काँग्रेसमध्येच फूट पडली तेव्हा कुठं लोकसभेला पहिला विरोधी पक्षनेता मिळाला, तोही काँग्रेसच्याच एका गटातला. म्हणजे नाना आणि त्यांच्यासारखे लोक कुठल्याही पदाशिवाय, गाडी-बंगल्याच्या मानाशिवाय हे काम करत होते.

१९७१ च्या इंदिरा लाटेत बीडची जागा काँग्रेसच्या सयाजीराव पंडितांकडं गेली. नानांचं वय झालं होतं. त्यानंतर पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली, १९७२ चा दुष्काळ तर आपल्याकडं अजून बोलण्यात येतो. खडी फोडणाऱ्या बायकांची ती पिढी. आपल्या जिल्ह्यातून नानांच्याच मुलखाकडं ऊस तोडायला जाणाऱ्यांची रांगही त्यानंतर लांबत गेली. ज्यांच्यासाठी हा माणूस जन्मभर बोलला, त्यांचेच दोन गट एका फडात समोरासमोर आले. तिकडचा ऊसवाला शेतकरी आणि इकडचा कोयतेवाला मजूर. यावर नाना काय बोलले असते याचा मी पुष्कळदा विचार करते. सोपं उत्तर त्यांच्याकडंही नसतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते आणि ती लपवून ठेवून चरित्र सांगणं बरोबर नाही. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्या वेळी भारतीय कम्युनिस्ट पक्षानं, म्हणजे नानांच्या पक्षानं, आणीबाणीला पाठिंबा दिला. जन्मभर सत्तेपुढं उभ्या राहिलेल्या माणसाचा पक्ष नेमका त्या वेळी सत्तेच्या मागं उभा राहिला. छोट्या पक्षांना मोठ्याच्या सावलीचा मोह होतो, तिथं त्यांचं घात होतो, असं मला वाटतं. पुढं त्या पक्षाला स्वतःलाच ही चूक मान्य करावी लागली. पण ते बघायला नाना नव्हते. ६ डिसेंबर १९७६ रोजी, आणीबाणी चालू असतानाच, ते गेले. वाळव्याला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुख्यमंत्र्यांच्या, मंत्र्यांच्या मानानं पाहिलं तर मागं ठेवण्यासारखी इस्टेट नव्हती.

हौसाताई मात्र खूप जगल्या. विट्याला असायच्या. २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीला निघाला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या बाईनं शेतकऱ्यांना मोर्चाला जा म्हणून सांगितलं आणि सरकारलाही चार शब्द सुनावले. बापाची जीभ होती ती. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्या गेल्या.

नाना गेल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत, १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. बीडनं पुन्हा तिरकी चाल केली. आणीबाणीला पाठिंबा देणारा कम्युनिस्ट पक्ष नको, पण विरोध करणारा चालेल, असा हिशेब करावा तसं मतदारांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडून दिलं. तीन वेळा तीन डाव्या नावांनी विरोधी खासदार देणारे जिल्हे महाराष्ट्रात फार नसतील. मग १९८० मध्ये काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर बीडच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. पण काकूंची गोष्ट मोठी आहे, ती पुढं कधीतरी सवडीनं सांगेन.